दादूसचे भाडेकरू

भाडेकरू गाळा सोडून चालला म्हणून पेढे वाटणारा मालक मी आयुष्यात एकच पाहिला. नुसते पेढे नव्हेत, तर बेंजोही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेच मुळी नाचताना. बदलापूरला, कुळगावातून कात्रपकडे जाताना, एका मोकळ्या आवाराच्या तीन बाजूंना बैठे गाळे आणि मधल्या अंगणात भलंमोठं जांभळाचं झाड, असं एक शॉपिंग सेंटर होतं. तिथे गाळा रिकामा होतोय असं कोणीतरी सांगितलं, म्हणून मी चौकशीला गेले होते. बघते तर अंगणात बेंजो वाजतोय आणि पांढरा लेंगा, पांढरा सदरा घातलेला साठीपुढचा एक माणूस गुलाल लावून बेभान नाचतोय. त्याच्या केसांचा रंग मात्र वांग्यासारखा जांभळट. मी कोपऱ्यावर पकवान, म्हणजे कुरकुरीत पुऱ्या, तळणाऱ्या सिंधी बाईंना, सगळ्यांच्या आंटींना, विचारलं, "लग्न कोणाचं आहे?"

"लगन कहाँ का, बेटा! टेलर जा रहा है."

"म्हणजे?"

"अरे, टेलर. सात नंबर वाला. उसने उल्हासनगर में बडी दुकान ली ना. तो अदा खुश है."

अदा म्हणजे सिंधीत भाऊ. बाकी सगळे त्यांना दादूस म्हणायचे. त्याचाही अर्थ भाऊच, पण आगरी बोलीतला. आपल्या भातशेतीवर बांधलेल्या त्या सेंटरचे ते मालक, पण मालक किंवा शेठ म्हटलेलं त्यांना बिलकूल चालायचं नाही. कोणी म्हटलंच तर ते मागे वळून बघायचे, जणू मागे दुसरं कोणी उभं आहे.

नाचून घामाघूम झाल्यावर ते माझ्यापाशी आले. "जागा पायजेल? धंदा काय?"

"मी जनावरांची डॉक्टर आहे," मी म्हटलं, आणि नकार ऐकायची तयारी केली. विठ्ठलवाडीपासून अंबरनाथपर्यंत मी गाळे पालथे घातले होते. कुत्री भुंकतील, वास येईल, सोसायटीवाले ओरडतील, अशी उत्तरं ऐकून कंटाळले होते.

"कनची जनावरा?"

"कुत्री, मांजरं. पोपटसुद्धा."

दादूसचे डोळे मोठे झाले. "म्हनजे पोपटाला सर्दी झाली त तू दवा देनार?"

"हो."

ते गर्रकन वळले आणि अख्ख्या सेंटरला ऐकू जाईल असं ओरडले, "ए आंटी! आयकला काय? पोपटाची डागतरीन आयली!" बेंजोवाले पैसे घेऊन निघाले होते, त्यांना परत बोलावलं. टेलर जाण्याचा आनंद अजून ओसरला नव्हता, त्यात माझ्या येण्याचा मिळाला.

पण गाळा मिळायचा तर दादूसचे दोन नियम होते. एका धंद्याचं एकच दुकान. आणि दुसरा नियम, दुकान पक्कं होण्याआधी पहिलं गिऱ्हाईक ते स्वतः होणार. काम पटलं तर जागा. केसांच्या वांगी रंगाचा उलगडा मला तेव्हा झाला. ब्युटी पार्लरवाली आली होती, तेव्हा तिने विचारलं, काय करू, आणि हे म्हणाले, "तुना जा उत्तम येतंय ता कर." कराटेच्या क्लासात त्यांनी सदऱ्यावर पट्टा बांधून लाथा मारल्या होत्या. दाताच्या डॉक्टरांकडून चांगली दाढ साफ करून घेतली होती. दहावीच्या क्लासमध्ये मागच्या बाकावर बसून भूमिती ऐकली आणि सरांना सांगितलं, "मना काय समजला नाय, पन झोप पन नाय आली. जागा तुजी."

माझ्या बाबतीत मात्र पंचाईत होती. त्यांच्याकडे कुत्रा नव्हता, मांजर नव्हतं. "उद्या ये," ते म्हणाले. "पेशंट आनतंव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा अंगणात जांभळाखाली त्यांचा बैल उभा होता. एकेकाळी छकड्यांच्या शर्यती मारलेला, आता म्हातारा झालेला, पण अजून खांद्याला भरलेला खिलारी. मी म्हटलं, "दादूस, मी कुत्र्यामांजरांचं करणार आहे."

"काल तू काय बोललीस? जनावराची डागतरीन. हा काय मानूस हाय?"

बैलाला काही झालेलं नव्हतं. तो नुसता तपासून घ्यायचा होता. सगळे भाडेकरू दुकानं सोडून जमले होते. पार्लरवालीने त्याला केळं दिलं, क्लासच्या सरांनी गूळ दिला, आणि कौतुकाच्या त्या गडबडीत त्याने मान लांबवून आंटींच्या टोपलीतला एक मोठा कच्चा बटाटा अख्खाच उचलला.

क्षणभर सगळे हसले. मग बैलाने मान ताठ पुढे काढली. तोंडातून लाळेची धार लागली. तो खोकायला बघत होता आणि त्याला खोकता येत नव्हतं. मी त्याच्या डाव्या कुशीवर हात ठेवला. ती फुगायला लागली होती. घशात अडकलेलं काही वेळेत निघालं नाही, तर आतला वायू बाहेर पडत नाही आणि बैल उभ्या उभ्या मरतो. हे मी शिकले होते. मात्र असा बैल माझ्या हाताखाली शिक्षणाच्या शेवटच्या वर्षानंतर आला नव्हता, आणि माझ्याजवळच्या पेटीत होतं ते सगळं कुत्र्यामांजरांच्या मापाचं.

दादूसनी बैलाचा कासरा घट्ट धरला. "पोरी," एवढंच ते म्हणाले.

मला आठवतं, मी ओरडायलाच लागले. कराटेच्या सरांना म्हटलं, वेसण धरा आणि डोकं हलू देऊ नका. लाकडाचा एखादा तुकडा आणा, दाढांमध्ये घालायला. दातांचे डॉक्टर दारात उभे होते. त्यांना म्हटलं, "सर, तुम्ही जीभ धरा."

"मी? बैलाची?"

"तोंडाचं काम तुमचंच ना? धरा!"

ते आले. पांढऱ्या कोटासकट आले आणि दोन्ही हातांनी ती खरखरीत जीभ बाजूला ओढून उभे राहिले. मी मानेवरून चाचपलं. गोळा वरच होता, घशाच्या जरा खाली. दोन्ही अंगठे त्याच्या मागे लावून मी तो वर ढकलायला लागले. सरकायचा, परत घसरायचा. दादूस बैलाच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटत होते. आंटी रडत होत्या, "मेरा आलू, मेरा आलू." शेवटी तो एकदाचा वर आला तसा मी उजवा हात कोपरापर्यंत तोंडात घातला, बोटं मागे वळवली, आणि तो लाळेने बुळबुळीत झालेला बटाटा बाहेर काढला.

बैलाने एवढी मोठी ढेकर दिली की दातांच्या डॉक्टरांचा चष्मा उडाला.

अंगणात जो गलका झाला तो मला अजून ऐकू येतो. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. दादूस बैलाच्या गळ्यात पडून लहान पोरासारखे रडले आणि मग लाळेने माखलेला माझा हात वर धरून म्हणाले, "हिना नाय, त कोनाला देव जागा?"

माझा दवाखाना असा सुरू झाला.

माणूस गोड होता, पण वागवायला सोपा नव्हता. महिना झाला नाही तोच एका दुपारी दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "मंग? कवा जातंस?"

मला वाटलं, माझं काही चुकलं. घाबरून आंटींकडे गेले, तर त्या झारा हलवत हसल्या. "सबको पूछता है. मेरेको इतने साल से पूछता है."

खरंच, सगळ्यांना विचारायचे. रामराम करावा तसं विचारायचे. त्यांच्या लेखी गाळा म्हणजे रोपवाटिकेचा वाफा होता. रोप तिथे मोठं करायचं आणि दुसरीकडे लावायचं. तिथेच राहिलं तर त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. मोमो विकणाऱ्या दोघी बहिणी अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर हॉटेल काढून गेल्या, तेव्हा दादूसनी त्यांना हळदीकुंकू लावून, ओटी भरून पाठवलं. चायनीज मसाल्याच्या वासाने भरलेल्या त्या रिकाम्या गाळ्यात उभं राहून मला म्हणाले, "बग, कसा मोकला झाला." लेकीला सासरी धाडलेल्या बापासारखा त्यांचा आवाज कापत होता, आणि चेहरा मात्र फुललेला.

ज्याचा धंदा बसायचा त्यालाही ते सोडायचे नाहीत. एकाने शोभेच्या माशांचं दुकान काढलं. मासे रोज मरायचे. दादूस दिवसभर त्याच्या दुकानात स्टूल टाकून बसले, काचेच्या पेट्या बघत राहिले, आणि संध्याकाळी म्हणाले, "मासे सोर. मासे तुज्याकडं मरतान. पन ह्या पेट्यांखालचा घोरा कोनी बनवला?" टाकीखालची ती लाकडी घोडी त्या माणसाने स्वतः केली होती. पुढे त्याने त्याच गाळ्यात फर्निचर करायला सुरुवात केली, आणि आता त्याचा कारखाना आहे. कधी भेटला की तो म्हणतो, दादूसने मला माझेच हात दाखवले.

एकदा मी त्यांना सरळ विचारलं, "चांगला भाडेकरू टिकावा असं मालकांना वाटतं. तुम्हाला का नाही वाटत?"

आम्ही जांभळाखाली बसलो होतो. हंगामाचे दिवस होते, पारावर सगळीकडे जांभळांचा सडा. त्यांनी एक जांभूळ तोंडात टाकलं. "मी जवान होतू तवा कल्यानला गाला घेतला भाड्यानी. तांदलाचा धंदा. चालला ना जोरात. मालकानी बगला. एक दिस गेलू त कुलूप. आत तोच बसलेला, माजाच तांदूल घेऊन, माज्याच गिऱ्हाईकांना इकतो." त्यांनी बी थुंकली. "मी तवा बोललू, मी मालक झालू ना, त मानूस वाडला म्हनून दार लावनार नाय. मानूस वाडला म्हनून दार उघडीन."

फक्त आंटींपुढे त्यांचं काही चालायचं नाही. सेंटर उघडल्यापासूनच्या त्या पहिल्या भाडेकरू. नवरा वारल्यावर उल्हासनगरच्या कॅम्पातून इथे आलेल्या. दालपकवानासाठी सकाळी रांग लागायची. करार नवा करायची वेळ आली की दोघांचं भांडण ठरलेलं.

"आंटी, मोठा हाटेल टाक."

"नहीं टाकना."

"तुजा पकवान मुंबईला गेला पायजेल."

"पकवान को जाना है तो जाए. मी नाय जानार, अदा. जिसको खाना है वो इधर आएगा."

दादूस रागाने पाय आपटत निघून जायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच बाकड्यावर दालपकवान खात बसलेले दिसायचे.

मग ते वर्ष आलं. त्या एका वर्षात दादूसना तीन वेळा बेंजो लावावा लागला. दहावीच्या क्लासचे सर मोठ्या इमारतीत गेले, कराटेवाले गेले, पार्लरवालीने बेलवलीला स्वतःची जागा घेतली. दादूस हवेत होते. पण सेंटरचे तीन गाळे एकदम रिकामे पडले आणि या वेळी नवं कोणी येईना. आजूबाजूला टॉवर उठले होते, खाली चकचकीत काचेची दुकानं झाली होती. बैठ्या गाळ्यांकडे कोण बघणार?

नेमके तेव्हाच एका मोठ्या दुकानसाखळीचे दोन अधिकारी गाडीतून उतरले. त्यांना अख्खं सेंटर हवं होतं. मधल्या भिंती पाडायच्या, अंगणावर छत घालायचं, सगळं मिळून एकच दुकान.

दादूसचा मुलगा समजूतदार. नोकरी सांभाळून सेंटरचे व्यवहार तोच बघायचा. त्याने आम्हा सगळ्यांदेखत वडिलांना सांगितलं, "बाबा, मी वाईट सांगत नाही. तुम्ही चालत्या माणसाला घालवता. उरतात ते रिकामे गाळे. किती दिवस चालेल असं?"

"आदी बगून येतंव," दादूस म्हणाले. "गिऱ्हाईक होऊन."

ते, आंटी आणि मी, असे आम्ही तिघे त्या कंपनीच्या दुसऱ्या शहरातल्या दुकानात गेलो. मला वाटलं होतं, ते नाक मुरडतील. छे! ते हरखून गेले. थंडगार हवा, आपोआप उघडणारं दार, ढकलगाडी. ती गाडी घेऊन ते अशा काही वेगाने फिरले की आंटी मागे धावत ओरडत होत्या, "अदा, ब्रेक नहीं है!" साबणाच्या रांगा बघून म्हणाले, "यवरा साबन! मानूस यवरा मलतो काय?" ते खरोखर खुशीत होते, आणि मला वाटलं, आता सेंटर गेलंच.

बाहेर पडताना काउंटरवर एक मुलगी होती. दादूसनी सवयीप्रमाणे विचारलं, "पोरी, कवा जातंस?"

"सहाला सुटते, आजोबा."

"ता नाय. तुजा सवताचा दुकान कवा टाकनार?"

मुलगी हसली. मग हसायची थांबली. "असं कोणी विचारलं नाही कधी," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाची पिशवी ओढून घेतली.

सेंटरला पोचल्यावर मुलाला म्हणाले, "चांगला हाय दुकान. एकदम चांगला हाय. पन तिथून कोन कुठं जात नाय. नाय देनार."

"मग गाळे भरा," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "दसऱ्यापर्यंत तिन्ही भरा, मी परत विषय काढणार नाही. नाही भरले तर तुम्ही सही करायची."

"मंजूर."

आम्ही झपाटल्यासारखे कामाला लागलो. माझ्या दवाखान्यात कुत्रं घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारायची, धंदा करायचाय का? दातांचे डॉक्टर तोंड उघडून बसलेल्या पेशंटांना विचारायचे, त्यांना उत्तर देता यायचं नाही ही गोष्ट वेगळी. माणसं यायची, बघायची, टॉवरखालच्या काचेच्या दुकानांकडे जायची. दसरा जवळ आला, तरी तिन्ही शटर खालीच.

मग आंटींनी दादूसना न सांगता फोन करायला सुरुवात केली. जुन्या भाडेकरूंना.

दसऱ्याआधीच्या रविवारी सकाळी टेलर आले. मग मोमोवाल्या बहिणी आल्या, फर्निचरवाला आला, सर, कराटेवाले, पार्लरवाली, आणि मी कधी न पाहिलेले कितीतरी जण. अंगण भरून गेलं. टेलर पुढे झाले. "दादूस, मी इथे शाखा काढतो. आजच."

"आम्हीपण," मोमोवाली म्हणाली.

सगळे एकदम बोलायला लागले. गाळे तीन आणि मागणारे दहा. मी आनंदाने उड्या मारायच्या बेतात होते. दादूसचा मुलगा पाराशी उभा राहून हसत होता. आम्ही जिंकलो होतो.

दादूस पारावर चढले. "नाय," ते म्हणाले.

मुलाचं हसू तिथेच मावळलं.

"गेला तो परत घेत नाय. जेवाला या, नाचाला या, रोज या. दुकानाला नाय. तुमी परत आले, त मी इतके वर्सं नाचलू ता फुकट."

"बाबा!" मुलगा ओरडला. "अहो, हातात आलंय!"

"अदा, पागल हो गया क्या?" आंटींनी झारा आपटला.

दादूस मात्र गर्दीकडे बघत होते. "टेलर, तुज्याकडं कापाला कोन हाय?"

"एक बाई आहेत. माझ्यापेक्षा चांगलं कापतात."

"मंग ती कवा जाते?"

दादूसनी मोमोवालीकडे बोट केलं. "तुज्याकडं?" मग पार्लरवालीकडे. "तुज्याकडं? तुमच्या हाताखाली ज्याचे हात चांगले हाईत, त्याला आना. तुमी वाडले. आता त्यांना सोरा."

चांगला माणूस सोडणं काय असतं, ते त्या अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मग टेलर खाली मान घालून फोन करायला बाजूला गेले. त्यांच्या पाठोपाठ पार्लरवालीने पर्स उघडून फोन काढला.

दसऱ्याला तिन्ही शटर वर गेली. टेलरांच्या त्या बाईंनी एका गाळ्यात ब्लाउजचं दुकान काढलं, दुसऱ्यात मोमोवाल्यांकडच्या आचाऱ्याने थुक्पा, म्हणजे तिबेटी शेवयांचं गरम सूप, सुरू केलं, आणि पार्लरवालीकडची मुलगी तिसऱ्यात फक्त मेंदी काढायला बसली. दादूसचे दोन्ही तळहात दिवसभर मेंदीने भरलेले होते, त्यामुळे थुक्पा त्यांना मुलाने चमच्याने भरवला. भरवता भरवता तो मला म्हणाला, "ह्या माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा."

पुढे मीही गेले. अंबरनाथला जनावरांचं छोटं इस्पितळ काढायची संधी आली. दादूसना सांगायच्या आधी दोन दिवस मला जेवण गेलं नाही. सांगितलं तर ते उभ्या उभ्या उडाले, बेंजोवाल्याला फोन लावला, आणि मी रडायला लागले तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "रडतंस कनाला? हाच त हिशोब होता." त्या दिवशी मीही नाचले. आंटींनी मला डबा भरून पकवान दिले आणि दादूसना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी नाय जानार."

इस्पितळाच्या उद्घाटनाला दादूस सगळ्यांच्या आधी आले. केस आता हिरवट दिसत होते, का ते मी विचारलं नाही. त्यांनी प्रत्येक खोली पाहिली. एक्सरेच्या यंत्रापुढे हात जोडले. पिंजऱ्यांच्या जाळ्या ओढून पाहिल्या, नळ सोडून पाहिले. मला वाटलं, आता म्हणतील, शाब्बास. पूजा सुरू झाली, गुरुजींनी मला पाटावर बसवलं, आणि ते मागच्या खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले.

"पोरी," त्यांनी मला तिथूनच हाक मारली, "ही मागची भिंत पारता येल काय?"

"दादूस, आज उद्घाटन आहे!"

"ता हाय ना. पन मागचा पलाट रिकामा हाय. कोनाचा हाय तो?"

मला माहीत नव्हतं. गुरुजी मंत्र थांबवून माझ्याकडे बघत होते. मी परत मान वर केली, तर दादूस खिडकीपाशी नव्हते. बाहेरून त्यांचा आवाज आला. मी पाटावरून उठून पाहिलं. ते कंपाउंडच्या भिंतीवर पोट टेकवून पलीकडच्या कुणा अनोळखी माणसाशी बोलत होते, आणि दोन्ही हात लांब पसरून त्याला दाखवत होते, केवढं मोठं.